जगबुडीआधीचा माणूस

जग संपल्यानंतरची गोष्ट सांगणारी एखादी कॉमिक्स मालिका काही अंक धावपळीत काढते आणि मग एका पात्राचा भूतकाळ उघडायला थांबते. ती थांबली, की वाचकांमध्ये दर वेळी तोच वाद पेटतो. एक बाजू म्हणते, गोष्ट अडली. महिनाभर वाट पाहिली आणि हाती आलं ते भरताड. दुसरी बाजू म्हणते, बरं झालं, आता हा माणूस असा का वागतो ते समजलं, एक कोडं सुटलं. हा वाद मी कितीतरी वर्षं ऐकतो आहे आणि त्याचा पायाच दोन्हीकडून चुकलेला आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. दोन्ही बाजू पूर्वकथेला माहिती समजतात. एकीला ती नको असते, दुसरीला हवी असते, फरक तेवढाच. माझं म्हणणं असं, की जगबुडीनंतरच्या गोष्टीत पात्राचा भूतकाळ ही माहिती नसतेच, ते देणं असतं. घरं बुडाली, सरकारं बुडाली, पैसा आणि कायदा बुडाला, पण माणसाच्या डोक्यावरचं देणं तसंच राहिलं. ते कोण फेडतं, कोण टाळतं आणि कोणाला ते फेडताच येत नाही, हीच अशा मालिकेची खरी कथा असते. म्हणून मालिका मागे वळली म्हणजे ती थांबली, हे मला मान्य नाही. पुष्कळदा ती तिथेच सुरू होते.

जेफ लेमिर यांची ‘स्वीट टूथ’ पाहा. २००९ ते २०१३ या काळात ती ४० अंकांत आली. साथीनं बहुतेक माणसं मेली आहेत आणि साथीनंतर जन्मलेली मुलं अर्धी माणूस, अर्धी जनावर अशी आहेत. डोक्यावर हरणासारखी शिंगं असलेला गस हा त्यांपैकी एक. बाप गेल्यावर तो जंगलात एकटा पडतो आणि टॉमी जेपर्ड नावाचा आडदांड माणूस त्याला सुरक्षित जागी न्यायचं कबूल करतो. वाटेत दोघांचं सूत जुळतं. मुलाचा त्याच्यावर विश्वास बसतो, वाचकाचाही बसतो. आणि पहिल्या कथाभागाच्या शेवटी जेपर्ड त्याला हत्यारबंद लोकांच्या छावणीत नेऊन सोपवतो, बदल्यात एक पिशवी उचलतो आणि चालता होतो. त्या पिशवीत काय आहे? ते कळण्यासाठी लेमिर गोष्ट मागे नेतात. जेपर्ड एके काळी हॉकी खेळायचा. त्याची बायको लुईस गरोदर होती. तिला घेऊन तो याच छावणीच्या आसऱ्याला आला होता आणि ती तिथेच गेली. पिशवीत तिचे अवशेष आहेत.

यात माहिती म्हणावी अशी किती आहे? दोन ओळींत सांगता येईल एवढी. पण त्या दोन ओळींनी काय झालं ते बघा. जेपर्डला माफी मिळाली का? मुळीच नाही. उलट त्याचा गुन्हा आता नेमका दिसतो : त्यानं मेलेल्या माणसासाठी जिवंत मूल विकलं. आधी तो आपल्याला लोभी वाटला होता आणि लोभी माणसाचा राग करणं सोपं असतं. आता त्याचा राग करायचा तर आपल्या स्वतःच्या शोकाकडेही बघावं लागतं, कारण गेलेल्या माणसाचा एक शेवटचा स्पर्श मिळावा म्हणून आपण काय देऊ केलं असतं, याची खात्री कोण देईल? बायकोला मूठमाती दिल्यावर जेपर्डला कळतं की देणं फिटलं नाही, उलट दुसरं चढलं. तो त्या मुलासाठी परत फिरतो आणि उरलेली सगळी मालिका त्या परत फिरण्याची आहे. ही पूर्वकथा ‘भरताड’ म्हणून कापून टाका आणि मग सांगा, जेपर्ड परत का आला? कथेला तसं हवं होतं म्हणून, एवढंच उत्तर उरेल.

विरोधकांचे मुद्दे हलके नाहीत आणि त्यांतला सगळ्यात मजबूत मी आधी घेतो : सगळं सांगून टाकलं की रहस्य मरतं. जग कशानं बुडालं, साथ कुठून आली, मेलेली माणसं उठून का चालू लागली, याचं उत्तर मिळालं की भयाची जागा शास्त्राच्या तासाला जाते. हे मला पूर्ण पटतं. रॉबर्ट कर्कमन यांची ‘द वॉकिंग डेड’ २००३ मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये १९३ व्या अंकाला संपली. या सगळ्या काळात प्रेतं का उठली याचं कारण मालिकेनं दिलं नाही आणि त्यावाचून काही अडलं नाही. ब्रायन के. वॉन आणि पिया गेरा यांच्या ‘वाय : द लास्ट मॅन’मध्ये एक तरुण आणि त्याचं माकड सोडून जगातले सगळे सस्तन नर एकदम मरतात. ६० अंकांत त्याची अनेक स्पष्टीकरणं पुढे येतात, पण एकावरही शिक्कामोर्तब होत नाही. कथेची ताकद तिथे वाढली, कमी झाली नाही.

हा शहाणपणा कॉमिक्सनं शोधून काढलेला नाही. इसवी सनापूर्वी ४३० मध्ये अथेन्समध्ये साथ आली. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीझला स्वतःला ती लागण झाली होती आणि तो वाचला. साथीचं वर्णन करताना तो स्पष्ट म्हणतो, की ती कुठून आली आणि कशामुळे आली याची चर्चा इतरांनी करावी. मी ती कशी होती एवढंच लिहीन. आणि मग तो लक्षणांवरून माणसांकडे वळतो. कोण आजाऱ्याजवळ गेलं आणि कोण गेलं नाही, दुसऱ्याच्या चितेवर आपलं प्रेत टाकून कोण निघून गेलं, उद्याचा भरवसा नाही म्हटल्यावर कायद्याचा आणि देवांचा धाक कसा सुटला. कारण बाजूला ठेवल्यामुळेच त्याला माणसं दिसली.

पण इथेच वादातली गफलत उघडी पडते. जगाची पूर्वकथा आणि माणसाची पूर्वकथा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘साथ कुठून आली’ या प्रश्नाला लागू पडणारा आक्षेप उचलून तो ‘हा माणूस कुठून आला’ या प्रश्नावर चिकटवला जातो. प्रेतं का उठली हे न सांगता मालिका खोल होऊ शकते. पण प्रेतं उठण्याआधी ही बाई कोण होती, तिला मुलं होती का, ती कोणाशी शेवटचं काय बोलली, हे कधीच न सांगता ती खोल होईल? मग उरेल काय? तलवार चालवणारा एक हात. असे हात पुष्कळ काढता येतात, पण एक तुटला तरी वाचकाच्या मनाला ओरखडा उठत नाही.

तरी मी जगाच्या पूर्वकथेवर सरसकट बंदी घालणार नाही, कारण एक मालिका मला ती घालू देत नाही. हायाओ मियाझाकी यांनी ‘नाउसिका’ ही मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं, मध्ये खंड पाडत, चितारली. त्यांचा स्वतःचा चित्रपट १९८४ मध्येच आला आणि त्यात सात खंडांपैकी जेमतेम सुरुवातीचा भाग मावला. चित्रपटात विषारी जंगल ही निसर्गाची करणी आहे, पृथ्वी स्वतःला शुद्ध करते आहे. मांगाच्या शेवटाकडे कळतं, की ते जंगल जुन्या जगातल्या माणसांनी मुद्दाम रचलं होतं, आणि आज जगणारी माणसंही त्याच लोकांनी दूषित हवेला जुळवून घेण्यासाठी बदलली होती. जंगलाचं काम पूर्ण होईल तेव्हा शुद्ध हवेत ही माणसं जगूच शकणार नाहीत. हे जगाच्या उत्पत्तीचं रहस्य आहे आणि ते सांगून टाकलं आहे. मग भय मेलं का? नाही, कारण ते ऐकलं त्या क्षणी नायिका नाउसिकासमोर काम उभं राहतं. पूर्वजांनी जपून ठेवलेली नव्या मानवजातीची तरतूद वाचवायची, की आज जिवंत आहेत त्या कलुषित, बदललेल्या, दमलेल्या माणसांची बाजू घ्यायची? ती दुसरी वाट धरते, ती तरतूद मोडून टाकते आणि हे गुपित आपल्यापुरतं ठेवून परत येते. कसोटी हवी असेल तर मला ती इथे मिळते : सांगितलेला भूतकाळ आज जिवंत असलेल्या कोणाच्या तरी हातात काही ठेवतो का? ठेवत असेल तर तो सांगावा. नसेल तर झाकलेला बरा.

याच कसोटीवर ‘स्वीट टूथ’चाही एक भाग मला तोलावासा वाटतो. २६ ते २८ या अंकांत लेमिर सगळी मुख्य पात्रं बाजूला ठेवून १९११ सालच्या अलास्कात जातात आणि साथीचं मूळ दाखवतात. चित्रं मॅट किंट यांची आहेत आणि ती मला फार आवडतात. तरी तो भाग मला जेपर्डच्या पिशवीइतका हलवत नाही. बर्फातली कबर कोणी उघडली ते कळतं, पण कळल्यानंतर जेपर्डच्या पावलांत फरक पडत नाही. गसला आपलं मूळ समजतं, ते त्याच्या पुढच्या वाटेला लागतं, म्हणून तो भाग वाया गेला असं मी म्हणणार नाही. एवढंच, की तिथे विरोधकांच्या बाजूनं काही बोलण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि मला तो सगळ्यात जास्त काळ छळत होता. खलनायकाचं बालपण दाखवलं की त्याचं पाप धुतलं जातं. आधी तो निरपराध माणसं मारतो, मग एक अंक येतो, त्यात त्याला बापानं मारलेलं असतं, आणि वाचक हळहळतो. ज्यांना त्यानं मारलं त्यांच्यासाठी मात्र असा अंक निघत नाही. हा आक्षेप खरा आहे, कारण अशा आळशी पूर्वकथा खरोखरच लिहिल्या जातात. दुःख दाखवलं म्हणजे स्पष्टीकरण झालं आणि स्पष्टीकरण झालं म्हणजे सुटका झाली, असं गृहीत धरणारा लेखक वाचकाच्या न्यायबुद्धीचा अपमान करतो.

पण चांगल्या मालिका नेमकं याच्या उलट करतात. हाजिमे इसायामा यांची ‘अटॅक ऑन टायटन’ २००९ मध्ये सुरू झाली. भिंतींच्या आत कोंडलेली, उरलीसुरली वाटणारी मानवजात, बाहेर माणसं खाणारे राक्षस, आणि पहिल्याच प्रकरणात भिंत फुटते. ती फोडणाऱ्यांपैकी एक, रायनर, आपल्यातलाच सोबती म्हणून वावरत होता हे वाचकाला कळलं तेव्हा त्याच्याबद्दल जी चीड आली ती वर्षानुवर्षं टिकली. आणि मग २०१७ च्या सुमारास इसायामा आपल्याला भिंतीपलीकडे नेतात. तिथे छोटा रायनर आहे. त्याच्या जमातीला कुंपणाआड राहावं लागतं, आई त्याच्यात आपल्या सुटकेची आशा बघते, बाप त्याला झिडकारतो, आणि शाळेत जायच्या वयात त्याला लढाईवर धाडतात. आता आक्षेप घेणाऱ्यांनी पुढचं पान वाचावं. ज्याची आई त्या हल्ल्यात मेली तो एरेन अनेक वर्षांनी रायनरसमोर बसतो आणि स्वतःच ती पळवाट पुढे करतो : तू लहान होतास, तुला तसंच शिकवलं होतं, तुझ्याकडे पर्याय नव्हता. रायनर गुडघ्यांवर येतो आणि ती पळवाट नाकारतो. मला थोर व्हायचं होतं म्हणून मी पुढे गेलो, दोष माझा आहे, असं तो म्हणतो. पूर्वकथा वाचली नसती तर या नकाराचं वजन कळलं असतं का? माफी जवळ असताना ती घ्यायला नाही म्हणणं हे फक्त भूतकाळ असलेल्या पात्रालाच जमतं.

निगनचं तसंच आहे. ‘द वॉकिंग डेड’च्या १०० व्या अंकात, २०१२ मध्ये, तो येतो आणि काटेरी तार गुंडाळलेल्या बॅटनं नायकाच्या साथीदाराला, ग्लेनला, ठार करतो. बॅटचं नाव लुसिल. चार वर्षांनी त्याची पूर्वकथा वेगळी छापायला सुरुवात झाली. त्यात तो शाळेत व्यायाम शिकवणारा मास्तर आहे, बायकोशी प्रतारणा करणारा आहे, आणि त्या बायकोला, लुसिलला, कर्करोग झाल्यावर तिच्या उशाशी बसून राहणाराही आहे. ती मरते आणि उठते, तेव्हा तिला कायमची शांत करायला त्याचा हात उचलत नाही. पुढे ज्या हातानं तो दुसऱ्यांची डोकी फोडणार आहे तोच हा हात. कोणाला हे दयेचं आवाहन वाटत असेल तर त्यानं १७४ वा अंक काढावा. ग्लेनची बायको मॅगी निगनला मारायला येते. तो रडतो, मार म्हणतो, त्याला लुसिलकडे जायचं आहे. मॅगी बंदूक खाली घेते आणि त्याला जगायला सोडून निघून जाते. त्याचं दुःख खरं आहे हे तिला दिसतं, तरी ती त्याला क्षमा करत नाही, आणि मरणाची सोयही करून देत नाही. लुसिलची कहाणी माहीत असलेल्या वाचकालाच कळतं की ही शिक्षा केवढी मोठी आहे.

महाभारत आपल्याला इतकं जवळचं आहे की त्याची रचना किती धाडसी आहे हे आपण विसरतो. सर्वनाश होऊन गेला आहे. वाचलेल्या वंशातला जनमेजय सर्पसत्राला बसला आहे आणि विचारतो, माझ्या पूर्वजांमध्ये ही फूट पडली तरी कशी? सगळा ग्रंथ म्हणजे महाविनाशानंतर विचारलेल्या एका प्रश्नाची पूर्वकथा आहे. आणि त्या पूर्वकथेच्या पोटात आणखी एक आहे. युद्ध संपतं, नदीकाठी मृतांना पाणी द्यायची वेळ येते, आणि कुंती पांडवांना सांगते की कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. आता या गोष्टीचा युद्धाला काय उपयोग? कर्ण मेला, लढाई जिंकली, राज्य मिळालं. ‘कथा पुढे सरकवा’ म्हणणाऱ्याच्या हिशेबानं हा शुद्ध खोळंबा आहे. पण त्या एका वाक्यानं विजयाचं नाव बदलतं, तो भ्रातृवध होतो. युधिष्ठिराला राज्य नकोसं होतं, तो वनात जायच्या गोष्टी करू लागतो, आणि त्याला सिंहासनापर्यंत आणण्यासाठी भावांना, द्रौपदीला, ऋषींना आणि कृष्णालाही त्याची समजूत घालावी लागते. भूतकाळ देणं असतो, असं मी म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर नदीच्या पाण्यात उभा असलेला युधिष्ठिर असतो.

तिसरा आक्षेप बाजाराचा. दुधात पाणी घालावं तशी गोष्ट लांबवायची, आधीचं काही तरी काढून वेगळं पुस्तक विकायचं, वाचकाला प्रत्येक तुकड्याचे पैसे भरायला लावायचे. हे होतं, आणि मी त्याचा बचाव करणार नाही. ‘द वॉकिंग डेड’मधला खलनायक गव्हर्नर मालिकेत मेला २००८ मध्ये. त्याच्या पूर्वायुष्यावरची कादंबरी २०११ मध्ये आली आणि तिनं धक्का काय दिला, तर आपण ज्याला फिलिप ब्लेक समजत होतो तो खरा त्याचा भाऊ ब्रायन होता. कल्पना चतुर आहे. पण कोणाच्या हाती ती काय ठेवते? ज्यांचं त्यानं वाटोळं केलं त्यांना हे कधी कळत नाही, कळून काही करताही येत नाही, कारण तो मेला आहे आणि मालिका पुढे निघून गेली आहे. ही माझ्या लेखी माहिती आहे, आणि विरोधक तिला ज्या नावानं हाक मारतात त्याला ती पात्र आहे.

पण लांबण लावणं हा भूतकाळाचाच दोष आहे का? याच मालिकेची पुढे जाणारी बाजू तपासू. तुरुंगात आसरा, मग बाहेरचा शत्रू, मग लढाई आणि नासधूस. पुन्हा रस्ता. ॲलेक्झांड्रियाच्या भिंतींत आसरा, निगनची टोळी, लढाई. मग मेलेल्यांची कातडी पांघरणारे लोक, पुन्हा लढाई. मी ही मालिका प्रेमानं वाचली आहे, तरी म्हणतो की तिचं वर्तमान गोल फिरतं. आणि हे कर्कमन यांचंच दुबळेपण आहे असंही नाही. बुडालेल्या जगात ‘पुढे’ नावाची दिशाच मोडलेली असते. नोकरी नाही, शिक्षण नाही, घराणं वाढवायचं नाही, कुठे पोहोचायचं नाही. या छावणीतून त्या छावणीत जाणं ही हालचाल आहे, प्रगती नाही. दोन छावण्यांमध्ये फरक पडतो तो तिथे येणारी माणसं काय घेऊन येतात त्यामुळे. गोष्टीत पाणी घालायला नवी टोळी आणणं हाच सर्वांत सोपा उपाय आहे. त्याला मात्र कोणी भरताड म्हणत नाही, कारण त्यात गोळ्या झाडल्या जातात.

कोणी जज ड्रेडचं नाव घेईल. अणुयुद्धानंतरच्या महानगरातला हा न्यायाधीश १९७७ पासून ब्रिटिश साप्ताहिकात आहे, शिरस्त्राण काढत नाही, बालपणाच्या आठवणींत रमत नाही, आणि तरी तो सपाट नाही. मग पूर्वकथेवाचून खोली आलीच ना? पण ड्रेडचा भूतकाळ सांगावा लागत नाही, कारण तो वाचकांसमोर घडला आहे. त्या मालिकेत पात्रं खऱ्या वर्षांच्या वेगानं म्हातारी होतात. १९८२ मध्ये शत्रूच्या हल्ल्याला उत्तर म्हणून ड्रेडनं त्यांचं अख्खं शहर अण्वस्त्रांनी पुसून टाकलं. २०११ मध्ये त्या शहरातल्या वाचलेल्यांनी सूड उगवला आणि रोगजंतू सोडून त्याच्याच शहरातली बहुतेक माणसं मारली. जवळजवळ तीस वर्षांनी देणं वसूल झालं, आणि लहानपणी पहिली कथा वाचून टाळ्या वाजवलेल्या वाचकानं मध्यमवयात दुसरी वाचली. या उदाहरणानं माझं म्हणणं खोडलं जात नाही, पक्कं होतं.

एक आक्षेप राहतो आणि तो वास्तवाच्या नावानं येतो : जीव वाचवताना आठवणी काढायला कोणाला सवड असते? मला वाटतं, हा प्रश्न ज्यानं विचारला त्यानं संकटातल्या माणसांचं बोलणं ऐकलेलं नाही. मोठी पडझड झाली की माणसं दुसरं बोलतच नाहीत. ‘बेअरफूट गेन’ चितारणारे केइजी नाकाझावा ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमात होते, सहा वर्षांचे; त्यांनी त्या दिवशी वडील, बहीण आणि भाऊ गमावले. त्यांच्यासाठी जगबुडी ही कल्पना नव्हती. १९७३ मध्ये त्यांनी ही मालिका सुरू केली तेव्हा त्यांनी बॉम्बपासून आरंभ केला का? नाही. बॉम्ब पडतो पहिल्या खंडाच्या अखेरीस. त्याआधी घर आहे, भूक आहे, युद्धाला विरोध केल्याबद्दल शेजाऱ्यांनी देशद्रोही ठरवलेला बाप आहे, आणि गव्हासारखं तुडवलं तरी उभं राहायचं, ही त्याची मुलांना शिकवण आहे. ज्यानं खरोखर जग बुडताना पाहिलं त्याला बुडण्याआधीची पानं अनावश्यक वाटली नाहीत. मेरी शेलीनं १८२६ मध्ये साथीनं मानवजात संपल्याची तीन भागांची कादंबरी लिहिली, तीही नवरा आणि मित्र गमावल्यानंतर, त्यांचे चेहरे पात्रांना देऊन. तिच्यातही पहिला भाग संपेपर्यंत साथ आलेली नसते. आधी माणसं जवळची करून द्यायची, मग ती न्यायची. दुसरा रस्ता तिला दिसला नसावा.

आणि पूर्वकथा म्हटलं की मागच्या काळात जाणारी चौकटच हवी, असं कुठे आहे? ‘द वॉकिंग डेड’मध्ये तुरुंग पडल्यानंतर नायक रिकला बंद पडलेल्या फोनवर त्याची मेलेली बायको बोलताना ऐकू येते. तो ते यंत्र बरोबर घेऊन फिरतो. कधीतरी त्याच्या लक्षात येतं की त्याची सोबतीण मिशोनही कोणाशी तरी पुटपुटते. ती तिच्या मेलेल्या जोडीदाराशी बोलत असते. दोन टणक माणसं एकमेकांना ही गोष्ट कबूल करतात. चित्रकार चार्ली अडलार्ड यांच्या काळ्यापांढऱ्या पानावर गतकाळाचं एकही चित्र नाही, तरी दोन संसार तिथे हजर आहेत. चांगलं कॉमिक हे करू शकतं, कारण त्यात दोन चौकटींमधली मोकळी जागा वाचकाला भरायची असते आणि मेलेली माणसं त्या जागेत सहज मावतात.

याच मिशोनमुळे ही मालिका शेवटी मला गोल फिरणारी वाटेनाशी झाली. ती वकील होती, तिला मुली होत्या, हे फार आधी ओझरतं येऊन गेलेलं असतं. वर्षानुवर्षं तिच्या हातात तलवार असते. मग कॉमनवेल्थ नावाच्या पुन्हा उभ्या राहिलेल्या नगरात ती जाते. तिथे तुम्ही जगबुडीआधी कोण होता यावर तुमची आजची पायरी ठरते. भूतकाळ इथे भावनेचा विषय राहत नाही, तो राजकारण होतो : ज्याचं आधी भलं होतं त्याचंच पुन्हा भलं. या नगरात मिशोनला तिची एलोडी जिवंत भेटते, आणि मुलगी सापडल्यानंतर आईला लगेच सुख होत नाही, कारण मधल्या वर्षांत ती जे बनली आहे ते आईपणात कसं बसवायचं हे तिला कळत नाही. ती पुन्हा वकिली करते आणि शेवटच्या अंकात न्यायासनावर बसलेली दिसते. दीडशेहून अधिक अंकांपूर्वी पेरलेलं एक ओझरतं वाक्य असं उगवतं.

त्या अंकात तिच्यासमोर खटला आहे. प्रेतं आता दुर्मीळ झाली आहेत. ग्लेनचा मुलगा हर्शेल, जो बापाच्या मृत्यूनंतर जन्मला, ती पिंजऱ्यात घालून गावोगाव खेळ दाखवतो, पैसे घेतो. रिकचा मुलगा कार्ल, ज्याचं सगळं बालपण त्यांच्यापासून पळण्यात गेलं, ती मारून टाकतो, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून त्याच्यावर आरोप ठेवला जातो. एकाच्या बापाला निगननं मारलं, दुसऱ्याचा बाप हे जग उभं करताना गेला. दोघांना एकच इतिहास मिळाला, पण एकासाठी तो करमणूक आहे आणि दुसऱ्यासाठी अजून चालू असलेलं संकट. न्यायालयात कार्ल सांगायचा प्रयत्न करतो की तेव्हा काय होतं, आणि समोर बसलेल्यांतल्या कितीतरी जणांना ते ‘तेव्हा’ ठाऊकच नाही. खटला संपतो, तो घरी येतो. मुलीला जवळ घेतो, आणि तिला पुस्तकातून तिच्या आजोबांची गोष्ट वाचून दाखवू लागतो.